शंकररावांच्या गाडीतला दिवा

नल्लकुंट्याच्या अख्ख्या वस्तीत अक्कल असलेला माणूस एकच, असं शंकररावांचं ठाम मत होतं, आणि तो कोण हे सांगायची त्यांना गरज वाटत नसे. समोरच्यांनी घराला रंग दिला तर हे रस्त्यातूनच ओरडले, "अरे, ही भिंत आहे का कावीळ?" स्वतःला तेलुगू धड येत नाही म्हणून ते तेलुगू बोलणाऱ्यांना हसत, आणि पोरांना मराठी वाचता येत नाही म्हणून पोरांना. बायको पंचफुला काही बोलली की तिच्याकडे न बघताच म्हणत, "तुला काय कळतंय त्यातलं?"

हा सगळा तोरा काचीगुडा स्टेशनातल्या नोकरीचा. रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि पंखे सांभाळण्यात त्यांची उभी हयात गेली. "अर्धा मुलूख माझ्या उजेडात झोपलाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. झोपताना लोक दिवा बंद करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, उरली ती एक जुनी पांढरी गाडी. दर पौर्णिमेला संध्याकाळी मलकपेठच्या विहारात वंदनेला जायचं, आणि शेजारच्या नामदेवरावांना आणि गंगूमावशींना गाडीत घालून न्यायचं, हा त्यांचा रिवाज. गाडी फाटकाशी आली की बाहेरची मंडळी "जयभीम, शंकरराव!" म्हणत पुढे येत. शंकरराव काच खाली करत, पण अर्धीच. त्या अर्ध्या काचेवर हा माणूस महिनाभर जगत असे.

मागच्या पौर्णिमेला परत येताना त्यांनी गाडी स्वतःच्याच घराच्या फाटकावर घातली. लागलं कुणालाच नाही, पण गंगूमावशींच्या मांडीवरचा खिरीचा डबा नामदेवरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रिकामा झाला. फाटकाचा खांब काही कालपरवा उगवलेला नव्हता. तरी शंकररावांनी आधी तो बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार केला, आणि मग गाडीच्या आतल्या दिव्याचा. "बल्ब आहे का काजवा? आत काही दिसलं तर माणूस गाडी चालवील ना!"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. गाडी चालवताना आतला दिवा लावतं कोण?

हेच त्यांच्या लेकीनं, दीपमालानं, तोंडावर विचारलं. ती बँकेत नोकरीला होती आणि बापाचीच जीभ घेऊन जन्मली होती. "बाबा, आता बस झालं. पुढच्या पौर्णिमेपासून प्रज्ञेश चालवील, नाहीतर टॅक्सी बोलवू."

"प्रज्ञेश?" शंकररावांनी समोर बसलेल्या धाकट्या लेकाकडे पाहिलं. "ह्याला अजून सायकलची चेन चढवता येत नाही. तो बल्ब बदला, मग बघा माझी गाडी."

"बदला तर मग. पौर्णिमेला मी शेजारी बसते. एकदा जरी चुकलात तर किल्ली माझ्याकडे."

शंकरराव हसले, पण आतून हबकले. गाडी गेली तर विहाराच्या फाटकाशी त्यांना पुसणार कोण? टॅक्सीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला जयभीम मिळतो, पण तो सगळ्यांना मिळतो तेवढाच.

पौर्णिमेच्या दुपारी प्रज्ञेशनं कोठीच्या बाजारातल्या दुकानातून एलईडीचे दिवे आणले. बसवायला तो पुढे झाला तर शंकररावांनी त्याच्या हातातला पेचकस हिसकावून घेतला. आख्ख्या रेल्वेला उजेड देणारा माणूस घरात असताना पोरानं हात लावायचा म्हणजे काय! छतावरचं प्लास्टिकचं झाकण त्यांनी इतक्या कौशल्यानं उचकटलं की त्याचा एक कान तुटला. कान तुटला तो अर्थात झाकणाच्या हलक्या मालामुळे. जुना बल्ब निघाला, नवा खटकन बसला, बटण दाबलं आणि दिवा लागला नाही.

मग काय विचारता! चीनपासून सुरुवात झाली, ती कोठीच्या दुकानदारावरून पोराच्या शिक्षणापर्यंत आली.

"पप्पा, उलटा घालके देखो ना," प्रज्ञेश म्हणाला. "इसमें प्लस-मायनस रहता."

"बल्बला कसलं आलंय प्लस-मायनस? डब्यांत मी हजारो बल्ब घातले, एकानं तरी विचारलं का मला, साहेब, डोकं कुठल्या बाजूला करू?"

ते खरंच होतं. त्यांच्या वेळचा तारेचा बल्ब कसाही घाला, मुकाट जळायचा. त्या बल्बांनी सवय बिघडवली होती, आणि घरच्यांनीही.

पंचफुला ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ती उठली, गाडीत वाकली आणि बल्ब काढून उलटा बसवला. "चपाती भाजली नाही तर आपण पलटतोच की," ती म्हणाली. गाडीत असा पांढरा लख्ख उजेड पडला की सीटखालचे चिवड्याचे दाणेसुद्धा मोजून घ्यावेत.

"बघा!" शंकररावांनी छाती पुढे काढली. "मी म्हणत नव्हतो, दोष बल्बचाच होता?" दिवा लागला तो जणू त्यांच्याच अकलेनं.

दिवेलागणीला सगळे निघाले. मागे नामदेवराव आणि गंगूमावशी, मध्ये पंचफुला, पुढे दीपमाला. नामदेवराव या वेळी गडद रंगाचा सदरा घालून आले होते. आतला दिवा मुद्दाम चालूच ठेवून शंकररावांनी किल्ली फिरवली.

"पेट्रोल आहे ना, बाबा?" दीपमालानं सहज विचारलं.

शंकरराव पुढे वाकले. डोळे बारीक केले, मग मोठे केले. "अर्ध्याच्या वर आहे."

काटा तळाला टेकला होता आणि त्याच्याखाली लाल दिवा जळत होता. तो दीपमालाला दिसला, मागून मान उंचावणाऱ्या गंगूमावशींनाही दिसला.

"बाबा, परत एकदा बघा."

"काटाच बिघडलाय," शंकरराव म्हणाले.

"पप्पा, सकाळी मीच उप्पलला नेली होती," खिडकीशी उभा प्रज्ञेश हळूच म्हणाला. "टाकी खाली है."

शंकररावांनी जीभ परजली. हल्लीच्या गाड्या, हल्लीची पोरं, हल्लीचं पेट्रोल, काहीतरी हाताला लागलंच असतं. पण मागून पंचफुला बोलली.

"वर्ष होत आलं. सिग्नल लाल झाला की मी म्हणते, 'किती गर्दी हो ही.' हिरवा झाला की म्हणते, 'चला, उशीर होतोय.' तुम्ही म्हणता, बाईच्या तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी खांब आला, तेव्हा नेमका मला डुलका लागला होता."

आयुष्यभर साऱ्या जगाची अक्कल काढणाऱ्या माणसाला वर्षभर बायकोनं सिग्नल वाचून दाखवले होते, आणि हा तिलाच बडबडी म्हणत होता.

"एवढं कळत होतं," शंकरराव म्हणाले, "मग माझ्या गाडीत बसायचीस कशाला?"

"तुम्ही एकटे गेला असतात."

त्यांनी किल्ली काढली आणि न बघता दीपमालापुढे धरली. डोक्यावर तो पांढरा दिवा रणरणत होता आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शंकररावांनी हात वर केला, छत चाचपलं, पुन्हा चाचपलं. बटण काही सापडेना. शेवटी पंचफुलानं मागून हात लांबवून दिवा बंद केला.