गोव्याआधीचे रविवार

"पानं उचलायची नसतात भाऊ, विचारायची असतात," असं म्हणत तो आपली दोन पानं तळव्यांच्या आडोशात झाकायचा आणि अंगठ्याने कोपरा एवढासाच वर करायचा. झोपलेल्या बाळाचं पांघरूण हळूच सारून बघावं, तसा.

लखनौच्या इंदिरा नगरात तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा अमरावतीचा, हवाई दलातून निवृत्त, एकटा. पोकर खेळायचा, पण सगळं मोबाईलवर. गोव्यातल्या एका स्पर्धेत त्याने नाव घातलं आणि एका संध्याकाळी आमच्याकडे आला.

"हिशोब पक्का आहे बाप्पा," तो म्हणाला, "पण खेळताना माझं तोंड आजवर कोणी पाह्यलंच नाही. तिथे चेहऱ्यावरून पानं ओळखणारी माणसं समोर बसणार. तुम्ही दोघं माझ्याकडे टक लावून बघाल का?"

असली विनंती तुम्हाला कोणी केली असती, तर तुम्हीही हसून हो म्हणाला असतात. मीही म्हणालो.

आता आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती, हे सांगायला हवं. लखनौत दिवाळीला शेजारीपाजारी डाव रंगतात. मला मात्र बायकोने एकदाही बसू दिलं नव्हतं. तीच आता दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून पत्ते पिसू लागली. पैशांऐवजी लावायच्या चिप्स म्हणून राजमा आणि काबुली चणे.

"काय गं, बंदी उठली वाटतं?"

"अहो, ही प्रॅक्टिस आहे. भाऊजी परीक्षेला बसतायत."

एका रविवारी तो काळा गॉगल लावून आला.

"मोतीबिंदू काढला की काय, भाऊजी?"

"यार वहिनी, टीव्हीवर सगळेच लावतात."

"लावत असतील. पण तुम्ही बदामाचा राजा समजून इस्पिकचा उघडलात आत्ता!"

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली होती, हे मी त्या दुपारी आठवत बसलो. आठवलं नाही.

आणि चिवडा. पातळ पोहे इथे सहज मिळत नाहीत. त्यासाठी ती निशातगंजच्या दुकानांतून हिंडायची, म्हणून चिवडा फक्त दिवाळीला. आता दर रविवारी होऊ लागला. तो मूठभर तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "वहिनी, फर्स्ट क्लास!" तिचा चेहरा उजळायचा. मी पत्ते सोडून तोच चेहरा बघत राहायचो. मत्सर हा शब्द या वयात स्वतःला लावायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही.

त्या मत्सरानेच माझी नजर तीक्ष्ण केली. माझ्या लक्षात आलं, की चिवड्याची तारीफ प्रत्येक डावात होत नाही. हातात भारी पानं आली, की आनंद लपवायला तो पटकन काहीतरी गोड बोलतो. पानं हलकी असली, की गप्प चावत राहतो.

मी हे त्याला जिन्यात गाठून सांगू शकलो असतो. मी टेबलावर सांगितलं, तिच्यासमोर. "सापडलं! तुमची पानं चांगली आली, की हिचा चिवडा चांगला होतो."

तो आधी खूश झाला. "क्या बात है भाऊ! हे गोव्यात महागात पडलं असतं." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून पत्ते गोळा करत होती. त्याला समजलं. मला तर आधीच समजलेलं होतं.

पुढच्या रविवारी टेबलावर बाजारची नमकीन होती. तो शिकला होता. एक शब्द न बोलता खेळला, चेहरा कोरा. खेळ उत्तम झाला आणि दुपार फुकट गेली.

निघायच्या आधीच्या रविवारी तो स्वतःच म्हणाला, "वहिनी, वाटेत खायला थोडा चिवडा मिळेल का?" तिने केला. वाटीही पुढे ठेवली. डाव ऐन रंगात असताना त्याने आपली दोन्ही पानं सरळ उताणी करून टेबलावर ठेवली. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून वाईट दोन पानं नसतात. मग मूठभर चिवडा खाल्ला आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास झालाय, वहिनी."

ती हसली नाही. उठून आत गेली आणि डबा गच्च भरून घेऊन आली.

गोव्यात तो स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाद झाला. फोनवर खुशीत होता. "समोरच्याने माझ्याकडे इतकं बघितलं बाप्पा, की मीच लाजलो!" नंतर तो अमरावतीला भावाकडे राहायला गेला. वरच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे.

परवा रविवारी जेवताना मी म्हणालो, "आमटी फार छान झालीय." खरंच झाली होती.

तिने हातातली पळी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, टक लावून, आणि विचारलं, "काय हवंय?"