तारिसानं एकदाच विचारलं

हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मले अजूनही घाम फुटते. लोकांचं स्वतःचं लग्न मोडते. म्या दुसऱ्याचं मोडलं! अन् तेही एका बटणानं!

आता मी म्हणजे चाळिशी उलटलेला माणूस, कचेरीत कारकून. अन् नाद कायचा? तं व्हिडिओ गेमचा. सगळ्या नाही हो, एकाच. त्यात आपण ब्रॅम नावाचा जहाजाचा कप्तान असतो. जहाजावर नकाशे काढणारी एक पोरगी असते, तारिसा. नऊ वर्षांआधी आलेल्या पहिल्या भागात दोघं कडकडून भांडले. दुसऱ्या भागात तो बुडत होता तं तिनं त्याले बाहेर ओढलं, अन् बाहेर काढल्यावरही त्याचा हात सोडलाच नाही. तिथंच भाग संपला! सांगा आता, माणसानं काय करावं? तिसऱ्या भागाची पाच वर्षं वाट पाहिली म्या. सख्ख्या भावाच्या लग्नाची इतकी पाहिली नव्हती.

शेवटी तो भाग आला. पहिल्याच दिवशी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन घेऊन आलो. चार दिवसांची सुट्टी टाकली, अर्जात कारण लिहिलं, 'घरचे लग्नकार्य'. खोटं होतं का? ब्रॅम काय परका होता?

अन् चौथ्या दिवशी शेवट काय निघाला? तारिसा बंदरावरून दुसऱ्याच जहाजात चढली अन् निघून गेली. ब्रॅम धक्क्यावर उभा. पडद्यावर नावं सुरू झाली. मले खरंच रडू आलं हो, लपवून काय करू.

माझी बायको स्मिता बाजूले मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "गेली का तुमची तारिसा?"

"कंपनीनं वाटोळं केलं वं! असा शेवट करते का कोणी? मी सोडत नाही त्याईले, पाहून घेजो!"

दुसऱ्या दिवशी तेच तोंड घेऊन कचेरीत गेलो. तिथं आमचे हेडक्लार्क, निनावे साहेब. या माणसानं उमरेडपासून खाप्यापर्यंत अर्ध्या समाजाच्या सोयरिका जुळवल्या. मोडायले आलेली सोयरीक असली की दोन्हीकडच्या लोकांले एका सतरंजीवर बसवते, बैठक घेते अन् जुळवूनच उठते.

"काय गा सुधीर, लागलं का लग्न?"

"कायचं लग्न साहेब! मोडलं."

"मोडलं? काहून?"

"पोरगी ऐन वेळी निघून गेली."

"मुलात काही खोट?"

"सोन्यासारखा पोरगा आहे साहेब! निर्व्यसनी, मेहनती. नऊ वर्षांची ओळख दोघांची."

नऊ वर्षं ऐकल्याबरोबर अख्खी कचेरी माझ्या टेबलाभोवती. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, त्या वेळी मले ते सगळं आवडून राहिलं होतं. नऊ वर्षांत ब्रॅमच्या दुःखात पहिल्यांदा कोणी सामील झालं होतं.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "पोरीच्या बापाचा नंबर दे. रविवारी बैठक घेतो."

"बाप नाही साहेब तिले."

"मग मामा असेल."

"मामाही नाही."

"अरे मग ते पोरगी राहते तरी कोठं?"

"जहाजावर," म्या म्हटलं.

पाठीवर हात ठेवणाऱ्यानं हात काढून घेतला. मग काय, सगळं सांगावंच लागलं. वाटलं, आता साहेब मले खिडकीतून बाहेर फेकते. पण बाप्पा, माणूस तत्त्वाचा! चष्मा काढला, पुसला अन् म्हणाले, "खेळ असो नाही तं काही असो. नऊ वर्षं आशेवर ठेवून असं करणं हा अन्यायच आहे. लिही अर्ज कंपनीले!"

जेवणाच्या सुट्टीत अर्ज तयार झाला. 'विषय : कु. तारिसा व श्री. ब्रॅम यांच्या विवाहाबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...' अकरा जणांनी सह्या ठोकल्या. साहेबांनी तेवढा पेन खाली ठेवला.

"पोरीची बाजू ऐकल्याशिवाय मी सही करत नाही. आजपर्यंत केली नाही, आताही करणार नाही."

रविवारी सकाळी साहेब घरी हजर. स्मितानं पोह्याची प्लेट पुढं केली.

"नको नको, आत्ताच खाऊन निघालो."

"थोडेसेच घ्या नं."

"नाही वं माय, पोट भरलेलं आहे."

"अहो साहेब, आमच्या घरचं एवढं तं खावंच लागते!"

"बरं, आता तू इतकं म्हणतेच तं..." म्हणत साहेबांनी प्लेट घेतली अन् वरून तर्री मागितली.

इकडं म्या शेवटाचं रेकॉर्डिंग लावलं. पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं. तारिसा वळली, डोळ्यांत पाणी. इंग्रजीत म्हणाली, "माझ्यासोबत येशील?" खाली दोन चौकटी आल्या, 'हो' अन् 'नाही'. त्यातली 'नाही' उजळली. तारिसानं मान खाली घातली अन् जहाजाकडं चालायले लागली.

साहेबांचा चमचा हवेतच थांबला.

"थांबव थांबव. हे 'नाही' कोण म्हणालं?"

"ब्रॅम."

"अन् ब्रॅमचं बटण कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मग काहून दाबलं गा 'नाही'?"

"अहो साहेब, पहिल्याच वेळी हो म्हणायचं का? बरं दिसते का ते? पोरगा हपापलेलाच होता म्हणतील! म्या म्हटलं, ती अजून दोनदा आग्रह करेल, मग म्हणू हो. तं तिनं पुन्हा विचारलंच नाही! एकदा विचारलं अन् चालली! याले का रीत म्हणते?"

साहेबांनी हळूच हातातल्या पोह्याकडं पाहिलं, मग स्मिताकडं.

स्मितानं कपाळावर हात मारला. "म्हणजे इतके दिवस कंपनीच्या नावानं शंख करून राहिले, अन् नाही तुम्हीच म्हणाले?"

"अर्ज फाड," साहेब म्हणाले.

अर्ज फाडला, पण मीही हट्टाचा माणूस. म्हटलं, "साहेब, ज्या हातानं हे लग्न मोडलं, त्याच हातानं लावून दाखवतो. तुम्ही फक्त अक्षता टाकायले या!"

पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलं, कारण त्या खेळात आपण जसं वागतो तशी पुढची गोष्ट बदलते. कचेरीतून आलो की हातपाय धुऊन थेट जहाजावर. या वेळी सगळं तारिसाच्या मनासारखं केलं. तिचं बोलणं मधात तोडलं नाही, तिच्या नकाशांची तारीफ केली, दोन ठिकाणी तं माझी चूक नसताना माफी मागितली. दोन महिने लागले. अन् एकच गोष्ट रोज घोकत होतो. तिनं तोंड उघडलं रे उघडलं, की 'हो'. नखरे नाहीत, भिडस्तपणा नाही, एका सेकंदाचा उशीर नाही!

शेवटचा प्रसंग आला तेव्हा साहेबांले बोलावून घेतलं. इस्त्रीचा सदरा घालून आले. स्मितानंही चांगली साडी नेसली होती, वरून म्हणते कशी, "सहजच नेसली." तिघंही सोफ्यावर ताठ बसलो.

बंदर आलं. तारिसा वळली. डोळ्यांत पाणी. तिचे ओठ हलले...

'हो'! असं दाबलं, असं दाबलं, की बटण आत रुतलं! मी सोफ्यावर उभा राहिलो. "जमलं साहेब! टाका अक्षता!"

कोणी अक्षता टाकल्या नाही. स्मिता तोंडावर हात ठेवून पडद्याकडं पाहून राहिली होती.

"अहो," ती म्हणाली, "प्रश्न तरी वाचायचा होता."

म्या पाहिलं. या वेळी तिच्यासोबत इतकं चांगलं वागलो होतो, की तिचा प्रश्नच बदलला होता. बिचारीले ब्रॅमचीच काळजी लागली होती. तिनं विचारलं होतं, "तुझं जहाज तुझ्यापासून तोडायची माझी इच्छा नाही. मी एकटीच गेली, तर चालेल तुला?"

अन् कप्तान ब्रॅम छाती फुगवून म्हणाला होता, हो.

तारिसा जहाजात चढली. पडद्यावर नावं सुरू झाली. साहेब उठले, दाराजवळ जाऊन चपला घालायले लागले. मी तसाच सोफ्यावर उभा. रडक्या आवाजात विचारलं, "साहेब, एकदा बैठक घेऊन पाहता का?"

"कायले गा?" साहेब म्हणाले. "पोरगी वाचली!"