कुठला सोडा?

“सोडा? कुठला सोडा? खायचा की धुण्याचा?”

आमच्या क्लासमधल्या केमिस्ट्रीच्या सरांचं हे ठरलेलं वाक्य. कुणी त्यांना अमुक सोडा, तमुक सोडा म्हणायचा अवकाश, सर चष्मा कपाळावर सरकवून अगदी गंभीर चेहऱ्याने हा प्रश्न टाकायचे. समोरचा गोंधळला की त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

आणि आमच्याकडे ‘सोडा’ म्हणणाऱ्यांना तोटा नव्हता. विरार पश्चिमेला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारा आमचा क्लास. मी तिथे बायॉलॉजी शिकवत होते. असे क्लास तुम्हीही पाहिले असतील. खाली मोबाइलचं दुकान, वर आम्ही. जिन्यात मागच्या वर्षांच्या यशस्वी मुलांचे फोटो आणि स्टाफरूमच्या दारावर संचालकांनी स्वतः बसून तयार केलेला तक्ता. केमिस्ट्रीचे सगळे धडे त्यात रंगवलेले होते. हिरवे म्हणजे करायचेच, पिवळे म्हणजे वेळ उरला तर, आणि लाल धड्यांपुढे ठळक अक्षरांत एकच शब्द, ‘सोडा’. मोल संकल्पना हिरवी, रासायनिक बंध हिरवा, अमाइन पिवळी. प्रात्यक्षिकांवरचा धडा लाल, कारण त्यावर येऊन येऊन प्रश्न किती येणार! परीक्षेचं नाव नीट आणि अभ्यासाची ही तऱ्हा. उद्या डॉक्टर होऊन ही मुलं पेशंटला सांगतील, तुमचं यकृत पिवळ्या रंगात आहे, वेळ उरला तर बघू. मला तो तक्ता नुसता दिसला तरी डोकं फिरायचं.

सोडियम-पोटॅशियमचा धडा अभ्यासक्रमातूनच गेला, तेव्हा त्याच्यापुढेही लाल अक्षरांत ‘सोडा’ आलं. सर तक्त्यासमोर उभे राहून हसत सुटले. “घ्या मॅडम, आता सोडाच सोडायला सांगतायत. खायचा आणि धुण्याचा, दोन्ही ह्याच धड्यात होते. आजूबाजूला मिठागरं, आणि आमच्या पोरांना सोडियम नको!” परीक्षेला हे नाही, असं मुलांना स्वच्छ सांगून सर तरीही एक तास मिठावर बोलायचेच. संचालक काचेतून बघत घड्याळाकडे बोट दाखवायचे. सर त्यांना हात करायचे.

सर विरारजवळच्याच नंदाखाल गावचे. घरची केळीची वाडी, दारात माड. तरुणपणी रसायनांच्या कारखान्यात होते. तिथे एकदा वायूची गळती झाली, सर जगले पण नाक कामातून गेलं. वास म्हणून येईना. त्यानंतर ते शिकवण्याकडे वळले. “माझं नाक कारखान्याने ठेवून घेतलं,” असं मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे. “तेव्हा आता तुमची नाकं मला उसनी द्या.”

क्लासला प्रयोगशाळा नव्हतीच. भाड्याच्या जागेत ती कुठून येणार? मुलं परीक्षानळीला हात न लावता वायूंचे वास पाठ करत होती, आणि त्याला आम्ही शिक्षण म्हणत होतो. सर मात्र घरून कापडी पिशवी भरून आणायचे. त्यात ताडीच्या शिरक्याची, म्हणजे घरच्या व्हिनेगरची बाटली, नवसागराची पुडी, पानवाल्याकडचा चुना, वाडीतलं जास्त पिकलेलं केळं. मी चिडवायचे, “सर, बाजाराला निघालात की क्लासला?” नवसागर आणि चुना एकत्र आला की वर्गात अमोनिया दरवळायचा. केळं सोललं की एस्टरचा धडा सुरू. “सडक्या अंड्याचा वास तेवढा तोंडपाठ करा,” म्हणायचे, “तो वायू चांगला नाही.”

वास घ्यायची त्यांची रीत होती. वस्तू लांब धरायची आणि तळहाताने तिच्यावरची हवा हलकेच आपल्याकडे ओढायची. “लांबून घ्यायचा. नाक आत घालायचं नाही.” ह्याची त्यांना इतकी सवय झाली होती की चहाच्या कपावर, नव्या पुस्तकावर, संचालकांच्या भाषणाच्या वेळी समोरच्या हवेवरसुद्धा त्यांचा तळहात हलत असायचा. मग आम्हाला विचारायचे, “काय येतोय? सांगा की.”

ह्या वर्गात हर्षाली आली. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली मुलगी. वडील बोटीवर जाणारे, आई मासळी विकणारी आणि सुकवणारी. आमच्या ‘सिलेक्ट’ बॅचमध्ये चाचणी देऊन, स्वतःच्या हिमतीवर आली होती. त्या बॅचला सर होते, मी होते. खालच्या बॅचला भिंतीवर टीव्ही होता आणि टीव्हीत कुणीतरी शिकवत असे. म्हणून त्या बॅचमधून ह्या बॅचमध्ये यायला मुलं जिवाचं रान करायची.

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर सोडा लिहून आपला नेहमीचा प्रश्न टाकला, “कुठला? खायचा की धुण्याचा?” हर्षाली पटकन म्हणाली, “सर, तिसरा पन हाय ना. सुका. कोलंबीचा सोडा.”

सर क्षणभर थांबले आणि मग इतके हसले की त्यांना टेबलाला धरावं लागलं. “बरोबर, बाय! सोडे भाताबरोबर खाऊन मोठा झालो आणि तेच विसरलो.” वर्गही हसला. पण वर्गाचं हसणं वेगळं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी नाक दाबून “म्हणूनच वास येतो” म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून हर्षालीच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. खोटं कशाला बोलू, तिच्या कपड्यांना कधी कधी सुक्या मासळीचा वास यायचा. ज्या घरात आई रोज मासळी पसरते त्या घरातल्या दोरीवर कपडे वाळले की दुसरं काय होणार? आमच्या सोसायट्यांमधली हीच मुलं रविवारी सुरमईच्या तुकड्यासाठी भांडत असतील. चालतं सगळं, फक्त ते आणणाऱ्यांची पोर शेजारी बसलेली चालत नाही.

मग एका पालकाने तक्रार केली. कशाची, ते संचालकांनी आम्हाला सांगितलं नाही. “सीटिंगचा इश्यू आहे,” एवढंच म्हणाले. पुढच्या चाचणीत हर्षालीला सिलेक्ट बॅचच्या हद्दीपेक्षा जरासे कमी गुण पडले आणि त्यांना हवं ते निमित्त मिळालं.

आता ती चूक कुठली होती ते ऐका. प्रश्न असा: माशासारखा वास कोणत्या संयुगांना येतो? अल्कोहोल, अमाइन, एस्टर, यांपैकी नाही. पुस्तकाप्रमाणे उत्तर अमाइन. हर्षालीने ‘यांपैकी नाही’वर खूण केली होती.

“असं का केलंस, बाय?” सरांनी विचारलं. मी तिथेच होते.

“सर, म्हावऱ्याला वास नसतो,” ती म्हणाली. “ताज्या म्हावऱ्याला पान्याचा वास, बस. कुजलं की मग येतो तो अमाइनचा. मग कुजल्या माशासारखा, असं लिवायला पायजे होतं ना?”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे बघ. परीक्षेत अमाइन लिहायचं, डोळे मिटून. तिथे कुणाशी भांडायचं नाही. पण आमच्या चाचणीत हा गुण तुझा. हिला विचारल्याशिवाय हा प्रश्न काढलाच कसा मी!” आणि लगेच फळ्यावर वळून, अमाइनमध्ये आम्ल मिसळलं की क्षार होतो आणि क्षाराला वास नसतो, म्हणून आपल्या आया मासळीला कोकम किंवा शिरका लावतात, हे सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. पिवळ्या रंगातला धडा त्या दिवशी सगळ्यांना पाठ झाला.

गुण मागायला सर संचालकांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. तो गुण मिळाला असता तर मुलगी हद्दीत बसत होती. संचालकांनी ऐकून घेतलं, पेन फिरवलं आणि म्हणाले, “सर, उत्तरपत्रिका म्हणजे उत्तरपत्रिका. आणि खरं सांगू का, बाकीच्या मुलांना डिस्टर्ब होतं. त्या मुलीला सोडा आता.”

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता विचारतील, कुठला सोडा. सर काही बोलले नाहीत.

संचालकांना ती शांतता म्हणजे होकार वाटला असावा. ते माझ्याकडे वळून, सरांच्या देखत म्हणाले, “मॅडम, सरांना नाकच नाही, त्यांना काय त्रास कळणार?” आणि हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाचं नाक कामावर गेलं, त्याला हे ऐकवतोस? लाज कशाशी खातात माहीत आहे का? मी तोंड उघडणार तेवढ्यात सर उठले. “ठीक आहे,” म्हणाले, “मुलगी खाली जाणार असेल तर मीही खाली जातो.”

आणि खरंच गेले. खालच्या बॅचच्या खोलीत जाऊन त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं, पिशवीतून शिरक्याची बाटली काढली आणि शिकवायला लागले. टीव्हीतल्या मास्तरांची सवय झालेली ती मुलं बावरून बघत राहिली. हर्षाली पहिल्या बाकावर होती. तिकडे सिलेक्ट बॅच सरांची वाट बघत बसली होती आणि फी भरणारे पालक फोनवर फोन करत होते. महिनाअखेरीस सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. कारण काय, तर शिस्तभंग. मुलांना शिकवणं हा आमच्याकडे शिस्तभंग ठरला.

मीही तिथे फार टिकले नाही. पण सरांचा क्लास सुटला नाही. हर्षाली अर्नाळ्याहून यायची आणि नंदाखालला सरांच्या ओटीवर बसायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सर घरी आले की शिकवणी सुरू. मी बायॉलॉजी घेऊन जायचे. सरांच्या पत्नी केळ्याचे काप आणि चहा द्यायच्या. तिथे लाल, पिवळं, हिरवं काही नव्हतं, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत सगळं. एकदा अवघड गणितांना कंटाळून हर्षाली म्हणाली, “सर, हे सोडलं तर नाय चालनार?” सर म्हणाले, “सोड की. पण उद्या आई म्हावरं साफ करताना अर्धं तसंच ठेवेल का?” पोरगी पुन्हा गणिताला लागली. ओटीवर वस्तू लांब धरून सर हवा ओढायचे आणि विचारायचे, “काय येतोय?” आणि ती डोळे मिटून सांगायची. तिचं नाक पक्कं होतं.

परीक्षेत रसायनांच्या चाचण्यांवर प्रश्न आला होता. लाल धड्यातला. तिने तो सोडवला, आणि सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. त्या दिवशी सरांनी ओटीवर पेढे ठेवले आणि त्यांच्यावरही तळहात हलवला.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. चर्चमध्ये खूप मुलं आली होती, वरच्या बॅचची आणि खालच्याही. पण सर आठवले की मला ती गर्दी आठवत नाही. मला निकालानंतरची ती संध्याकाळ आठवते.

क्लासखाली, मोबाइलच्या दुकानावर, केवढा तरी फ्लेक्स लागला होता. त्यावर हर्षालीचा चेहरा. तिने कुणालाही फोटो दिला नव्हता, क्लासच्या प्रवेशाच्या वेळचाच उचलला होता. तिला गोरीपान केली होती, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘आमच्या सिलेक्ट बॅचची शान’. ज्या बॅचमधून तिला वासापायी हाकललं, त्याच बॅचची शान! सर आणि मी रस्त्यावर उभे राहून तो बघत होतो. तिची आई मासळी विकून परतताना रिकामी पाटी घेऊन तिथे उभी होती. बराच वेळ वर बघून मला म्हणाली, “बाय, ही माजीच पोर ना? हिला एवडी गोरी कनी केली?”

तेवढ्यात संचालक जिन्यातून उतरले. सरांना पाहून दोन्ही हात पसरत पुढे आले. “सर! बरं झालं भेटलात. रविवारी सत्कार ठेवलाय मुलीचा, तुम्ही पाहिजेच स्टेजवर. झालं गेलं सोडा आता.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कुठला सोडा?” त्यांनी विचारलं. “खायचा, धुण्याचा की सुका?”

जुना विनोद ऐकून संचालक मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. ते फ्लेक्सकडे वळले, दोन पावलं मागे सरले आणि तळहाताने तिकडची हवा हळूहळू आपल्याकडे ओढू लागले. रस्त्यावरची माणसं बघत होती.

“काय येतोय, सर?” मी विचारलं.

“येतोय,” सर म्हणाले. “नाक नसलं तरी येतोय, मॅडम. हर्षालीच्या आईला विचारा, कुजल्याशिवाय असा येत नाही.”