निम्मा सी.ए.

कल्याणबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्याच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. काही वर्षं तो रोज माझ्या डोळ्यांसमोर बसत होता. त्याला भावंडं किती, घरी शेती आहे का, वडील आहेत की नाहीत, यातलं मी कधी काही विचारलं नाही. कसं विचारायचं हेच मला जमत नाही. नोकरीभर मी नगरच्या तारकपूर एस.टी. स्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. समोर माणूस नसला की मला नीट बोलता येतं. निवृत्तीनंतर सावेडीत आमच्या मंडळाने अभ्यासिका काढली आणि तिची किल्ली माझ्याकडे दिली. तिथे कुणी बोलायचंच नाही असा नियम, म्हणून मीही घेतली.

अभ्यासिकेत बहुतेक मुलं पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची, बँकेची. सी.ए.चा अभ्यास करणारा एकटा कल्याण. कोल्हारचा, तिशी ओलांडलेला, खिडकीजवळच्या टेबलावर बसणारा. सकाळी एका कर सल्लागाराकडे काम करायचा आणि दुपारी येऊन पुस्तकं उघडायचा. त्या पुस्तकांची जाडी बघून नवी मुलं सुरुवातीला त्याला दबकून असायची. पुढे दर निकालानंतर तो पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतो हे दिसलं, तसा तो दबदबा ओसरला.

ती परीक्षा काय असते ते त्याच्याकडूनच कळलं. शेवटच्या परीक्षेला फायनल म्हणतात. तिचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात चाळीस तरी पडावे लागतात आणि त्या ग्रुपची सरासरी पन्नास तरी यावी लागते. दोन्ही ग्रुप सुटले की माणूस सी.ए. झाला. कल्याण दर वेळी दोन्ही ग्रुपना एकदम बसायचा आणि दर वेळी दोन्हीकडे थोडक्यात राहायचा.

शेजारच्या टेबलावर सिमरन नावाची मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करायची. जिभेने फार तेज. चहाला बाहेर गेले की दोघांचं चालायचं.

“दादा, एकेक ग्रुप का देत नाहीस?”

“एकेक म्हणजे हप्त्याहप्त्याने. एकदम काढण्यात शान असते.”

“ती शान ठेवलीस कुठे? दाखव की जरा.”

यावर कल्याण हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्ही ग्रुपचा फॉर्म भरायचा.

गेल्या वर्षी मात्र त्याने एकच भरला. राहात्याच्या एका डेअरीत हिशेबनिसाची कायम नोकरी मिळत होती, दिवाळीनंतरच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. तसा शब्द तो देऊन बसला होता. मला म्हणाला, “काका, ही शेवटची वेळ. एकच ग्रुप देतो. हरायचंच आहे तर निम्म्या अभ्यासात हरतो. मग राहात्याला जायचं, विषय संपला.”

मी म्हणालो, “बरं.”

मी तेवढंच म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला आजही ठाऊक नाही. पण हे सांगताना त्याचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि तेच मला खटकलं होतं, एवढं आठवतं.

निकाल दुपारी लागला. दिवाळी होऊन गेली होती, सावेडीत अजून काही गॅलऱ्यांत आकाशकंदील होते. कल्याण मोबाईल बघायलाच तयार नव्हता. त्याने तो सिमरनकडे सरकवला आणि स्वतः पुस्तकं पिशवीत भरायला घेतली. सिमरनने नंबर घातला, स्क्रीनकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “दादा, खुर्चीत बस.”

“बसलोच आहे.”

“मग उभा राहा.”

तो उभा राहिला.

“पास आहेस. ग्रुप वन, पास.”

कल्याणने मोबाईल ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग कुणीतरी बाकावर ताल धरला आणि त्या खोलीत पहिल्यांदाच गोंगाट झाला. पोलीस भरतीच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, त्याचं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं. ‘शांतता राखा’ म्हणण्याचं काम माझं. ते मला सुचलंच नाही. कल्याण खाली उतरला आणि अनवाणीच रस्त्यावर गेला. चप्पल घ्यायला वर आला तेव्हा कानाला मोबाईल होता. “आई,” तो म्हणत होता, “पास झालो.” पुढे त्याला बोलवेना. फोन बंद करून तो जिन्यावर बसून राहिला.

पुढचं सगळं झालं ते त्या दोन शब्दांमुळे.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिका उघडत होतो तेव्हा तो दारातच उभा होता, चेहऱ्याचा रंग उडालेला. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. कोल्हारच्या रस्त्यावरचा फ्लेक्स. आपल्याकडे पोरगं सोसायटीत निवडून आलं, सैन्यात गेलं, गेला बाजार वाढदिवस असला, तरी फ्लेक्स लागतो. हा तसाच, निळ्या आभाळाचा. मध्ये फेटा बांधलेला कल्याण, कुठल्याशा लग्नातून कापून आणलेला. त्याच्याहून मोठा गॉगलवाला माणूस खाली, शुभेच्छुक म्हणून. तो त्याचा मामा, रंगनाथ. आणि अक्षरं हातभर: ‘चि. कल्याण सी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

“काका, आईला निम्मंच झालंय हे सांगायचं राहिलं.”

“फोन कर.”

“केला. मामाने घेतला. म्हणाला, हलगीवाल्यांना सांगितलंय, तू फक्त ये.” तो घुटमळला. “तुम्ही चला ना. मामा वयस्कर माणसापुढे आवाज चढवत नाही.”

माझा कशाला उपयोग होऊ शकतो हे मला क्वचितच कुणी सांगितलं आहे. मी नुकत्याच आलेल्या सिमरनकडे किल्ली दिली आणि निघालो.

गाडीत नगर सुटेपर्यंत तो मोबाईलवरचा फ्लेक्स बघत होता. मग म्हणाला, “काल दुपारपर्यंत सगळं ठरलेलं होतं. नापास झालो असतो तर आज सुखात असतो.”

“आणि आता?”

“आता मला दुसरा ग्रुप दिसायला लागलाय.”

आणि तो बोलायला लागला. एवढी वर्षं दोन्ही ग्रुप एकदम धरून आपण कुठे घसरत होतो, एकच धरला तेव्हा पेपर कसा हातात आला, सराव लिहून करायचा असतो तो आपण वाचून कसा करत होतो. मला निम्मं कळत नव्हतं, पण त्याचे हात थांबत नव्हते. पुढच्या सीटवरच्या बाईंना एकदा कोपर लागलं. राहुरी गेली तरी तो चालूच होता. बाहेर उसाचे ट्रॅक्टर ओळीने कारखान्याकडे चालले होते. कोल्हार जवळ आलं तसा तो एकदम थांबला.

“पण राहात्याला शब्द दिलाय,” म्हणाला. प्रवरेचा पूल आला होता.

उतरलो तर दिवाळीत उरलेली लवंगी माळ लागली, हलगी कडाडली. रंगनाथ मामाची टेम्पोची शेड रस्त्यालगतच, फ्लेक्स तिच्याच भिंतीवर. मामा गॉगल लावूनच पुढे आला.

“आला, साहेब आला. आरं वाजवा की, हात दुखत्यात व्हय?”

“मामा, जरा ऐका.”

“आदी पेढा. मग आयुष्यभर तुजंच ऐकायचंय.” त्याने पेढा कोंबला. मग माझ्याकडे वळला. “हे तुमचे सर का? या सर. लई उपकार केले तुमी.” आणि माझ्याही गळ्यात हार पडला. मी सर नाही हे सांगायला तोंड उघडलं तर त्यातही पेढा आला. असे आम्ही दोघं, तोंडं भरलेली, खरं सांगायला आलेले.

त्याची आई, मालनबाई, बाजूला उभी होती. वडील तो लहान असतानाच गेले, भावानेच दोघांना आधार दिला, हे मला तिथे कुणीतरी सांगितलं. सगळे फ्लेक्सकडे बघत होते, ती पोराच्या तोंडाकडे. जवळ येऊन म्हणाली, “काय झालंय? खरं सांग.”

“आई, दोन ग्रुप असतात. एकच झालाय. मी सी.ए. झालो नाही.”

ती म्हणाली, “येक तरी झाला न्हवं? मागं येकबी हुत न्हवता.”

“हो.”

“रंगा,” तिने भावाला हाक मारली, “हलगी थांबव.”

हलगी थांबली. कल्याणने सगळ्यांपुढे सांगितलं, अडखळत, पण पूर्ण. मामाने गॉगल काढला. एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

“म्हंजी तू सी.ए. न्हाईस.”

“निम्मा आहे.”

“निम्मा कसा आसतो रं? मान्साचं निम्मं लगीन हुतं का कुटं?”

मागून एक म्हातारा, आसाराम नावाचा, म्हणाला, “हुतं की. साखरपुडा.”

सगळा घोळका हसला. हलगीवाल्याने तेवढ्यात एक ठोका टाकून घेतला. पण मामाचा चेहरा उतरला होता. तो शिडी आणायला वळला. “काढतो,” म्हणाला, “लोकं शेन घालत्याल तोंडात.”

“थांब,” मालनबाई म्हणाली. “काढायचा का ठेवायचा ते त्याला इचार. त्याला फुडं करायचं आसंल तर ऱ्हाऊ दे. नसंल तर काढ.” मग मुलाकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “राहात्याला जातो म्हनत हुतास. जा. कुनी नावं ठिवनार न्हाई, मी तर न्हाईच. पन वाचावं वाटतंय का अजून? येवडंच सांग.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मला वाटत होतं कल्याण माझ्याकडे बघेल, आणि बघितलं तर मी काय करू म्हणून मी हाराची फुलं चाचपत होतो. त्याने बघितलं नाही.

“वाटतंय,” तो म्हणाला. “कालपासून दुसरं काही वाटतच नाहीये.” आणि हसला. बाकावर पोरांनी ताल धरला होता तेव्हाही तो असा हसला नव्हता.

त्याने तिथेच, गळ्यात हार असताना, डेअरीला फोन लावला. “साहेब, मी कल्याण. एक तारखेला येत नाही मी. माफ करा. नाही, दुसरी नोकरी नाही लागली.” पलीकडून कारण विचारलं असावं. “पास झालो म्हणून,” तो म्हणाला. पलीकडचा माणूस काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण कल्याण ‘थँक्यू’ म्हणाला आणि पाठीचा कणा ताठ करून मोबाईल खिशात टाकला.

मामा शेडमध्ये गेला होता. तो एका जुन्या फ्लेक्सचा पांढरा तुकडा आणि टेम्पोचा नंबर रंगवून उरलेला लाल रंग घेऊन बाहेर आला. जमिनीवर उकिडवा बसून त्याने मोठ्या अक्षरांत ‘निम्मा’ लिहिलं, शिडी लावली आणि तुकडा ‘सी.ए.’च्या आधी चिकटवला. ‘चि. कल्याण निम्मा सी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

“उरलेल्या निम्म्याला नवा फ्लेक्स मिळनार न्हाई,” शिडीवरूनच तो म्हणाला. “ह्योच चालवायचा. फकस्त हे चिठोरं काडायचं. समजलं का, भाच्या?”

“समजलं.”

“मग वाजवा रं.”

आणि हलगी जी लागली ती पहिल्यापेक्षा जोरात. आसारामबुवा नाचले. मालनबाईने मला ताटावर बसवून आग्रहाने शेंगोळे वाढले. माझ्या सदऱ्यावर गुलाल होता तो धुऊन पुरता गेलाच नाही, अजून कॉलरला गुलाबी झाक आहे. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीत बसून एकटाच हसत होतो. वाहकाने दोनदा बघितलं.

कल्याणने कोल्हारला घरीच राहून वाचायचं ठरवलं. आठवड्याभरात तो सावेडीला पुस्तकं न्यायला आला तेवढाच. नंतर गाठ पडली नाही.

या पावसाळ्यात एका नातलगाकडे राहात्याला चाललो होतो. पूल ओलांडून गाडी कोल्हारात शिरली आणि मी शेड शोधू लागलो. फ्लेक्स होता. उन्हाने विटला होता, मामाचा गॉगल पार राखाडी झाला होता, आभाळाचं निळं उडून पांढुरकं झालं होतं. फक्त ‘सी.ए.’च्या आधी एक चौकोन होता, नव्यासारखा निळाभोर. तुकडा निघालेला होता.

मी जागेवरून उठून उभा राहिलो. वाहक म्हणाला, “काका, उतरायचंय का?”

“नाही, नाही,” म्हणालो आणि बसलो. नगरला परतल्यावर सिमरनला फोन केला. ती आता बँकेत आहे. ती म्हणाली, “काका, तो तुम्हाला किती दिवस फोन लावतोय. तुमचा मोबाईल सदा बंद.” ते खरं आहे. आता चालू ठेवतो.

पुस्तकं न्यायला आला होता त्या दिवशी मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मनात जुळवूनही ठेवलं होतं. तो पिशव्या उचलून दारापर्यंत गेला आणि वळला.

“काका, माझी जागा रिकामी ठेवू नका. कुणाला तरी द्या.”

“देतो.”

“तिथला पंखा कुरकुरतो. जो बसेल त्याला आधी सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. “राहुरी, कोल्हारमार्गे मनमाड गाडी लागली असेल. नीघ.”