अण्णांची बिनपडद्याची खिडकी

सिंगापूरच्या हौगांग भागात एका गिऱ्हाइकाच्या घरी स्टुलावर चढून मी खिडकीचं माप घेत होते. खालून ती चिनी बाई, इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडत, "आंटी, चीपर लाह, चार खिडक्या देतेय तुला" म्हणून माझा भाव पाडत होती. तेवढ्यात माझ्या मुलीचा फोन आला. "मा, आजोबा खुर्चीतच बसलेत... ही इज नॉट आन्सरिंग." मी म्हटलं, हलव त्यांना. ती म्हणाली, "हलवलं." मी टेप गुंडाळली, खाली उतरले आणि काही न बोलता निघाले. त्या बाईला वाटलं मी भावावरून रुसून चाललेय. लिफ्टपर्यंत मागे येऊन तिने माझा भाव कबूल केला. सौदा जिंकल्याचं काहीच वाटलं नाही, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत ट्रक चालवायचे, हुद्द्याने नाईक होते. आमच्या सातारा भागात फौजी असणं ही काही मोठी गोष्ट नाही, घरटी एक माणूस असतो. पण मी नऊ वर्षांची असताना अण्णा सरहद्दीवरून आले ते 'मानसिक आजार' असा शेरा घेऊन. सेवेची वर्षं पुरी झाली नव्हती म्हणून साधी पेन्शन नाही, आणि आजार फौजेच्या नोकरीमुळे झालेला नाही असं डॉक्टरांच्या मंडळाने लिहिलं म्हणून अपंगत्वाची पेन्शनही नाही. गावात एक पाय गमावलेले हवालदार होते. त्यांना पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्ची आणि नारळ मिळायचा. आमच्या अण्णांना बघून पोरं लांबून फटाक्याची माळ लावायची आणि ते कुठे जाऊन लपतात ते बघायची. "ह्यांचा पाय गेला असता तर बरं झालं असतं," असं आई एकदा चुलीपाशी म्हणाली होती. तेव्हा मला तिचा संताप आला. आज वाटतं, तिला जगाचा बाजार माझ्याआधी कळला होता. जे दिसतं त्याचीच किंमत होते.

मी शाळेत असतानाच साड्यांना फॉल लावायला बसले. पुढे ब्लाऊज, पुढे लग्न होऊन नवऱ्याच्या शिपयार्डातल्या नोकरीमागे सिंगापूर, आणि इथे घरात बसून शिवलेले पडदे. आता इथल्याच यिशुन भागात माझं पडद्यांचं दुकान आहे. कापडाचे व्यापारी मला बघून आधीच खाली भाव सांगतात, कारण मी उठून चालायला लागले की मागे वळत नाही हे त्यांना माहीत आहे. भांडल्याशिवाय मला आयुष्यात काही मिळालेलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. आई गेल्यावर अण्णांना लाँग टर्म पासवर, म्हणजे लांब मुक्कामाच्या परवान्यावर, इकडे आणलं, तोही तीन वेळा अर्ज करून.

अण्णांनी खोली बघितली आणि पहिलं काय केलं असेल, तर मी हौसेने लावलेला पडदा काढून, नीट घडी करून माझ्या हातात दिला. "रस्ता दिसू दे," म्हणाले. समोरच्या दोन ब्लॉकच्या, म्हणजे इमारतींच्या, मधून तिथे रस्त्याचं एक वळण दिसतं. त्या फटीसमोर त्यांनी खुर्ची मांडली ती कायमची. पलंगावर ते फार कमी झोपले. कचऱ्याची लॉरी आली, बांधकामाची आली, की त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट व्हायचे. लॉरी वळण घेऊन दिसेनाशी झाली की हळूच म्हणायचे, "पार." मग हात सैल. मुलगी लहान असताना तिला तो खेळ वाटायचा, तीही शेजारी उभी राहून "पार" म्हणायची. समोरच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णी वहिनी, बँकेतल्या, मला चिडवायच्या, "सुमनताई, अख्ख्या यिशुनला पडदे लावलेत आणि स्वतःच्या घरी उघडी खिडकी? गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी म्हणायचे, गिऱ्हाइकाला दुकानात बसवते, घरी नाही.

अण्णांचे जुने कागद याच वहिनींनी वाचले. वाचून म्हणाल्या, "अहो, यात लिहिलंय की आजार त्यांच्या प्रकृतीतच होता. मग भरती करताना डॉक्टरांनी तपासलं ते काय होतं? तेव्हा तर 'सर्व प्रकारे सुदृढ' लिहिलंय." माझं डोकं त्या दिवशी जे तापलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही. मी व्यापारी बाई आहे. ठाण खरेदी करताना उलगडून, उजेडात धरून बघायचं, मनासारखं वापरायचं, आणि फाटलं की म्हणायचं कापड मुळातच विरलेलं होतं... असं कुणी माझ्या दुकानात येऊन बोललं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. आणि इथे माणसाची गोष्ट होती. छाती मोजली, दात मोजले, डोळे तपासले, पळवून बघितलं, मग घेतलं. तुटल्यावर म्हणे मुळातच असा होता.

मी अपील केलं. पैशासाठी नाही, तेवढे पैसे आता माझ्या गल्ल्यात होते. मला ते एक वाक्य बदलून हवं होतं. हा आजार फौजेच्या नोकरीत झाला, एवढं सरकारने आपल्या कागदावर लिहावं आणि ते अण्णांनी वाचावं, बस. खूप पत्रांनंतर पुण्याला डॉक्टरांच्या मंडळापुढे हजर राहायला बोलावणं आलं. सिंगापूरहून निघायच्या आधी मी अण्णांची तयारी करून घेतली. जेवणाच्या टेबलाशी साहेब होऊन बसले आणि विचारलं, कसे आहात? "झोप येत नाही साहेब," अण्णा पढवल्यासारखे बोलले. आणखी? "गाडीचा आवाज सोसत नाही." आणखी? "आणखी काय सांगू, तुझा भात करपतोय."

पुण्यात त्या सकाळी त्यांनी बूट असे चमकवले की त्यात पंखा दिसावा. दाढी गुळगुळीत, मिशी कातरलेली, कोटावर पदकं. मी बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. आतून आवाज आला, "कैसे हो, नाईक साहब?" आणि टाच आपटल्याचा आवाज, आणि माझ्या बापाचा खणखणीत आवाज, "एकदम बढिया, सर!" नींद? "अच्छी आती है, सर." कोई तकलीफ? "कोई तकलीफ नहीं, सर." मला वाटलं आत घुसावं आणि सगळ्यांना, अण्णांनासुद्धा, धरून हलवावं.

रिक्षात मी फाडफाड बोलले. हे काय केलंत? इतक्या लांबून हे सांगायला आलो? ते म्हणाले, "अगं, साहेबानं विचारल्यावर तक्रार सांगायची नसते." तो डॉक्टर होता, अण्णा. "त्याच्या खांद्यावर बघितलंस का तू?" म्हणाले. "कर्नल होता."

निकाल आला : नीटनेटका पोशाख, प्रकृती समाधानकारक, आजार मूळचाच, सेवेशी संबंध नाही. ज्या शिस्तीने या माणसाला तोंड दाबून धरायला शिकवलं, ती शिस्तच मंडळाने पुरावा म्हणून त्याच्यावर उलटवली. तीस सेकंद जास्त खर्च करून "रात्री कुठे झोपता?" एवढं विचारलं असतं तरी खुर्चीची गोष्ट बाहेर आली असती. विचारलं नाही.

सिंगापूरला परतल्यावर मी त्यांना इथल्याच एका मानसोपचार डॉक्टर बाईंकडे नेलं. चिनी, वयस्क, साधा फुलाफुलांचा ब्लाऊज. अण्णांनी बाईंच्या खांद्यांकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून मी मध्ये बसले. बाई म्हणाल्या, "ते बोलतील तसंच सांगा. 'ते' नाही, 'मी' म्हणून सांगा." खुर्ची-खिडकीचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. मग बाईंनी विचारलं, खिडकीतून काय बघता?

अण्णा बोलायला लागले आणि मी इंग्रजीत सांगायला लागले. मी ताफ्यात होतो. माझ्या पुढच्या ट्रकवर बबन होता. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. तो वळणावर गेला आणि खाली सुरुंग फुटला. ताफ्याने थांबायचं नाही असा हुकूम होता. मी ट्रक बाजूने काढला... बबन मला दिसला. तो हात हलवत होता. मी थांबलो नाही... "मी थांबलो नाही" हे मला इंग्रजीत सांगायचं होतं, 'मी' म्हणून. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई मी, मला तीन शब्द जुळवता येईनात. अण्णाच म्हणाले, "सांग की तिला. ती थांबलीय."

इतकी वर्षं ते खिडकीत बसून काय करत होते ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक लॉरी त्या वळणावरून सुखरूप पुढे काढून देत होते.

डॉक्टर बाईंनी दोन पानांचा अहवाल दिला. मी तो पाठवला. उत्तर आलं, परदेशातल्या खाजगी डॉक्टरचं प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही, अर्जदाराने पुन्हा मंडळापुढे स्वतः हजर राहावं. म्हणजे पुन्हा खांद्यावर पितळ लावलेला माणूस विचारणार, कैसे हो, आणि पुन्हा माझा बाप टाच आपटणार. मी त्या दिवशी ठरवलं होतं की यावेळी आत जायचं, आणि बाहेर काढलं तर दारात बसायचं. तारीख पडायच्या आतच अण्णा गेले.

गेल्या आठवड्यात तारीख आली. मी त्यांना कळवलं आहे की अर्जदार हजर राहू शकत नाही, कारण तो वारला, आणि त्याची वारस म्हणून मी येते आहे. पेन्शनची थकलेली रक्कम तुमच्याकडेच ठेवा, ते वाक्य खोडा. 'मूळचाच' हा शब्द खोडा. एरवी सौद्यात मी उठून जाते. या सौद्यातून मी उठणार नाही, हे त्या कार्यालयाने समजून घ्यावं.

काल मुलगी म्हणाली, "मा, आता तरी कर्टन लाव लाह, सकाळी ऊन येतं." तिचंही बरोबर आहे, ती खोली आता तिची होणार. मी दुकानातून चांगल्या जाड कापडाचा पडदा आणला, दांडी पुसली, स्टूल घेतलं. स्टूल ठेवायला खुर्ची बाजूला करायला हवी होती. खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि खाली कचऱ्याची लॉरी आल्याचं ऐकू आलं. मी तशीच उभी राहिले. लॉरी दोन ब्लॉकच्या मधून दिसली, वळणावर जरा थांबली, आणि पलीकडे गेली.

"पार," मी म्हटलं.

पडद्याची घडी करून ठेवली आहे.