गोव्याचा रस्ता सरावलीच्या खोलीतून जातो

बोईसरजवळच्या आमच्या सरावलीच्या खोलीत हेल्मेट ठेवायला जागा नाही. एक टीव्हीवर, एक तांदळाच्या डब्यावर, आणि एकात माझी लेक ओवी तिच्या बाहुलीला झोपवते. किश्श्यांचंही तसंच झालंय. दर रविवारी चिखलाच्या बुटांबरोबर एक नवीन किस्सा घरात येतो आणि जुना झाडून बाहेर काढावा म्हटलं तर तो हसवतो, म्हणून राहून जातो. साठत साठत आता इतके झालेत की म्हटलं, थोडे तुमच्याकडे ठेवते!

आधी माणसं सांगते. ओवीचे पप्पा, म्हणजे नितीन, तारापूरच्या एमआयडीसीत कामाला. त्यांच्याच कंपनीतले भूषणभावजी. त्यांना मोबाईलवर नकाशा उघडला की जेवणाचीही आठवण राहत नाही. गाडीच्या हँडलला त्यांनी जीपीएसचं एक वेगळं यंत्रही बसवलंय. तिसरे पांडेभाई, शेजारच्याच खोलीतले. माणूस दारात मावत नाही, पण स्वभाव लोण्यासारखा.

या तिघांना बाईकवरून गोव्याला जायचंय. तेही समुद्राकाठानं, गावं बघत बघत. पांडेभाईंची बायको हो म्हणाली, भूषणभावजींची तर “जा एकदाचे” म्हणाली. राहिली फक्त मी. ओवी झाल्यापासून माझा जीव असा झालाय की रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की मी आधी यांना फोन लावते. मी नाही म्हटलं की हे जाणार नाहीत, हेही मला माहीत. भांडणार नाहीत, नुसते गाडी पुसत बसतील. ते गाडी पुसणं भांडणापेक्षा वाईट!

मग तिघांनी ठरवलं, आधी जवळच्या जवळ ट्रायल मारायच्या आणि वहिनींची भीती घालवायची. किस्से सुरू झाले ते तिथून.

* * *

पहिल्या ट्रायलला मी एकच अट घातली. “हायवेवरून जायचं नाही. तिथं कंटेनर फिरतात.”

“काही काळजी करू नका वहिनी,” भूषणभावजी म्हणाले. “नकाशातच तशी सोय असते. ‘हायवे टाळा’ दाबलं की झालं.” आणि त्यांनी माझ्यासमोर दाबलं.

नकाशा आज्ञाधारक निघाला. आधी डांबर संपलं, मग खडी संपली, मग बैलगाडीची चाकोरी संपली, आणि तिन्ही गाड्या कुणाच्या तरी खळ्यात जाऊन थांबल्या. भाताची झोडणी चालू होती. यंत्र म्हणालं, सरळ जा. सरळ पेंढ्याची उडवी!

एका म्हातारीनं विचारलं, “कोनाकडं आलाव?”

आता काय सांगणार! भूषणभावजी म्हणाले, “असंच. फिरायला.”

“खल्यात?”

तिनं तिघांना भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, वर जाताना काकड्या दिल्या. संध्याकाळी पांडेभाई माझ्या दारात उभे. केसांत पेंढा, हातात काकडी.

“भाभी, हायवे तो अवॉइड हुआ,” ते म्हणाले. “रोड भी अवॉइड हो गया!”

* * *

त्यानंतर लाईव्ह लोकेशन आलं. हे कुठे आहेत तो निळा ठिपका माझ्या मोबाईलवर दिसतो. सगळे म्हणाले, आता वहिनींची चिंता मिटली. कसली मिटते! आधी मी अंदाजानं घाबरायचे, आता बघून घाबरते.

एका रविवारी हे शिरगावला गेले. यांचं मूळ घर तिथलं, चुलतभावांच्या होड्या आहेत. मी भात लावला आणि ठिपका बघितला. ठिपका पाण्यात! किनाऱ्यावर नाही, चांगला आत, निळ्या पाण्यात. फोन लावला, उचलत नाहीत. परत लावला, लागतच नाही. भाताकडे कोण बघतंय!

सासूबाई ओवीची वेणी घालत होत्या. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. “आई, हे बघा ना! हे समुद्रात दिसतायत!”

त्यांनी डोळे बारीक केले. शांतपणे रबर लावला.

“पान्यात हाय ना?” म्हणाल्या. “मग काय झालं? आपल्या घरचा मानूस पान्यात बुडत नाय. रस्त्यावर दिसला असता तं मी बी रडली असती!”

हे चुलतभावाच्या होडीत होते. दुपारी पापलेट घेऊन आले. भात करपलेला होता, तरी पापलेटाबरोबर सगळा संपला.

* * *

भूषणभावजींचं यंत्र आधी इंग्रजीत बोलायचं. पांडेभाईंनी हट्ट करून ते हिंदीत करून घेतलं. त्यात एक बाई बोलते, अगदी गोड. “कृपया दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें.”

पांडेभाई ते यंत्र मागून घेऊन आपल्या गाडीला लावतात आणि तिला उत्तर देतात! “जी मैडम.” “मुड़ गया मैडम.” एकदा पालघरच्या बाजारात तिनं त्यांना उजवीकडे वळवलं, तर समोर एकदिशा मार्गाचा बोर्ड आणि बोर्डाखाली हवालदार. मी नंतर विचारलं, “पांडेभाई, बोर्ड दिसला नाही का?”

“दिखा था भाभी.”

“मग?”

“इतने साल कंपनी में हूँ,” पांडेभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, “आज तक किसी ने ‘कृपया’ नहीं बोला. इसके लिए तो आदमी गलत भी मुड़ जाए!”

* * *

आता माझा पराक्रम. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण मोबाईलवर नकाशा वापरायला मी स्वतःच शिकले, भीतीनं शिकवलं म्हणा. जव्हारची ट्रायल ठरली तेव्हा मी बसून रस्त्यावरचा दवाखाना न् दवाखाना शोधला आणि प्रत्येकावर खूण लावली. काही झालंच तर जवळचा कुठला ते कळावं, एवढाच हेतू. आणि सगळ्या खुणा भूषणभावजींना पाठवल्या.

त्यांनी त्या न बघता यंत्रात भरल्या. यंत्राला काय कळणार की हे नुसतं असावं म्हणून आहे! त्याला वाटलं, ही थांबायची ठिकाणं.

दुपारपासून मला फोटो यायला लागले. पहिला फोटो, तिघं एका दवाखान्याच्या पाटीखाली उभे, हसतायत. दुसरा, दुसऱ्या दवाखान्यासमोर. तिसरा दातांच्या डॉक्टरकडे. चौथ्यात मागं म्हैस.

मी फोन केला. “अहो, हे काय चाललंय?”

“तुझीच अट ना?” हे म्हणाले. “प्रत्येक दवाखान्यात हजेरी लावायची! आम्हाला वाटलं, तुझी खात्री पटावी म्हणून फोटो पाठवायचेत.”

बायकोबद्दल यांचं मत काय आहे ते मला त्या दिवशी कळलं!

एका ठिकाणी तर तिघं हेल्मेट-जॅकेटसकट बाळंतपणाच्या दवाखान्यात शिरले. नर्सबाई धावत आल्या. “पेशंट कुठाय?”

भूषणभावजी म्हणाले, “अजून कोणी झालेला नाही.”

घरी तो म्हशीचा फोटो मी सासूबाईंना दाखवला. तो जनावरांचा दवाखाना होता, मला नकाशात नुसता ‘दवाखाना’ दिसला होता. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“तिगांना थयंच ठेवून घ्यायला पायजे होतं,” म्हणाल्या.

* * *

एवढं होऊनही माझ्या तोंडून हो निघेना. मग हे म्हणाले, “एकदा तूच मागं बस. बघ मी कसा चालवतो. त्यानंतर नाही म्हणालीस तर मी विषय काढणार नाही.”

ओवीला सासूबाईंकडे ठेवलं आणि मी बसले. ओवी झाल्यापासून पहिल्यांदा. पालघरवरून वाघोबा खिंडीतून मनोरला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. माझ्या हेल्मेटमध्येही यांनी त्यांच्या हेल्मेटसारखं ब्लूटूथवर बोलायचं यंत्र बसवलं. मागं बसून ओरडायला नको, हळू बोललं तरी ऐकू येतं.

मी बोलत गेले. “हळू. समोर खड्डा. टेम्पो येतोय, ब्रेक मारा. आता हळू. अजून हळू. म्हैस बघा, ती ऐकणारी दिसत नाही.” मला आपलं वाटत होतं, आम्ही दोघंच बोलतोय. नवल म्हणजे मी ब्रेक म्हटलं की पुढची गाडी पण ब्रेक मारायची आणि आरशात दिसणारे पांडेभाई पण! म्हटलं, काय शहाणी माणसं आहेत, मी उगीच घाबरत होते.

खिंडीत वळणं सुरू झाली तशी मी यांच्या पाठीला टेकून म्हणाले, “त्या भूषणभावजींच्या फार मागं मागं नका जाऊ हं. ते रस्त्यात बघतच नाहीत, नकाशात बघून गाडी चालवतात.”

कानात भूषणभावजींचा आवाज आला. “वहिनी, आता रस्त्यातच बघतोय.”

चारही हेल्मेट एकमेकांना जोडलेली होती! बोईसरपासूनचं माझं सगळं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, खिंडीतच उतरावं आणि चालत घरी जावं.

मनोरला चहाच्या टपरीवर मी मान वर करेना. पांडेभाई स्वतः चहा घेऊन आले. “भाभी, आज पहली बार एक भी गड्ढा नहीं लगा,” म्हणाले. हे फक्त माझ्याकडे बघत होते, ओवी खाऊच्या पुडीकडे बघते तसे. आणि खरं सांगायचं तर हे चांगले चालवतात. येताना एक शाळेतली मुलगी सायकलवरून जात होती, तर हॉर्न न वाजवता तिच्या मागं किती तरी वेळ हळूहळू चालले होते. ते मी मागं बसून बघितलं होतं. घरी बसून ठिपक्यात ते दिसत नाही.

“जा,” मी चहात बघून म्हणाले. “पण रोज फोन.”

टपरीवाल्यानं घाबरून गॅस बंद केला, तिघं इतक्या जोरात ओरडले!

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून हसू आवरत नाही आणि सासूबाई अजून पदर तोंडाला लावतात.

भूषणभावजींना एक ॲप सापडलं. त्यात रस्ता सांगणारा आवाज आपला आपण भरता येतो. ते घरी आले आणि माझ्यासमोर मोबाईल धरला. “वहिनी, गोव्यापर्यंत आम्हाला तुमचाच आवाज हवा. वाघोबा खिंडीतल्यासारखं बोला.”

मी लाजत लाजत बोलले. ‘डावीकडे वळा’च्या जागी, “डावीकडे वळा, पण आधी आरशात बघा.” वेग वाढला तर, “कुठं आग लागलीय?” पोचल्यावर, “पोचलात? आधी पाणी प्या, मग फोन करा.” ‘उजवीकडे वळा’ म्हणताना कुकरची शिट्टी झाली, तीही आत गेली. पुसून परत करूया म्हटलं, तर भूषणभावजी नको म्हणाले. अजून बरंच काही बोलले, सगळं लक्षात नाही.

तिघं पहाटे निघाले. ओवीनं टाटा केला, मी हसून टाटा केला, आणि दार लावून रडले. मग तोंड धुतलं आणि ठिपका बघत बसले. ठिपका निघाला, वाघोबा खिंड गेली, मनोर आलं. तिथून मुंबईच्या बाजूला जायचं होतं. ठिपका अहमदाबादच्या बाजूला सरकला. थांबला. आणि मागं फिरला!

मी फोन लावला, गाडीवर असतील, उचलेनात. ठिपका परत खिंडीत. परत पालघर. तसाच घराकडे. माझ्या डोळ्यापुढं काय काय आलं ते सांगत नाही. ओवीला कडेवर घेऊन मी दारात उभी राहिले, सासूबाई माझा हात धरून.

तिन्ही गाड्या आल्या. तिघं धडधाकट! मी धावत गेले. “काय झालं? कोण पडलं? बोला ना!”

तिघं माझ्याकडेच बघत होते.

“तुला काय झालं?” हे म्हणाले. “ओवी बरी आहे ना?”

“मला काय होणार? परत का आलात?”

“तुम्हीच बोलावलंत ना वहिनी!” भूषणभावजी म्हणाले आणि त्यांनी मोबाईल सुरू केला. मनोरला हायवेवर चढताना तिघं चुकीच्या बाजूला चढले होते. चुकल्यावर यंत्रानं जे बोलायचं, ते वाक्यही मीच भरलं होतं. माझा आवाज मोठ्यानं म्हणाला, “काय झालं? मागं फिरा आणि सरळ घरी या!”

“भाभी, आपने इतने गुस्से में बोला,” पांडेभाई म्हणाले, “हमने सोचा पहले घर जाते हैं, फिर पूछते हैं.”

सासूबाई ओट्यावर बसल्या त्या हसून उठेचनात. मी तिघांना पोहे केले. पोहे संपले तसं यांनी खिशातून फडकं काढलं आणि गाडी पुसायला घेतली.

मी भूषणभावजींच्या हातातून मोबाईल घेतला. “ते वाक्य पुसायचं कसं ते दाखवा.”

त्यांनी दाखवलं. मी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “चुकलात तरी चालेल, पुढं जा!”

हातातलं फडकं तिथंच टाकून हे गाडीवर बसले. तिघं गेले. या वेळी ठिपका मनोरला वळला तो बरोबर वळला. संध्याकाळी फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळीही आला. मी दोन्ही वेळा नीट जेवले.

दुपारी ओवीला झोपवत होते, तर भूषणभावजींचा फोन. मागं लाटांचा आवाज, पांडेभाईंचं हसणं, आणि त्या सगळ्याच्या वर माझाच आवाज, परत परत, “चुकलात तरी चालेल, पुढं जा! चुकलात तरी चालेल, पुढं जा!”

“वहिनी,” भूषणभावजी म्हणाले, “समोर समुद्र आहे. अजून पुढं जायचं का?”