लाल पट्ट्याच्या अकरा मेंढ्या

माझ्या धाकट्या भावाला सगळे एकघोट म्हणतात. जनावरांच्या दवाखान्यात तो एकतीस वर्षं परिचर होता आणि मेंढ्यांना जंताचं औषध पाजणं हे त्याचं मुख्य काम. मेंढीचं डोकं काखेत धरायचं, अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा, पिचकारीची नळी जिभेच्या मुळाशी टेकवायची आणि दाबायचं. मेंढीला कळायच्या आत औषध पोटात. बाकीच्या परिचरांच्या सदऱ्यांवर, चपलांवर, भिंतींवर औषध सांडलेलं असे. याच्या अंगावर थेंब नसे. मेंढपाळ रांगेत उभे राहून सांगायचे, "आम्हाला एकघोटाकडेच पाठवा." एकाने तर विचारलं होतं, "आमच्या सासूबाईंना पाजाल का? गोळी दिली की थुंकतात." हा म्हणाला, "आणा की. पण डोकं तुम्ही धरायचं."

कामात तो भयंकर नीटनेटका. कळप शंभराचा असेल तर शंभरांना पाजलं पाहिजे. एखादी मेंढी झुडपात राहिली असं कळलं तर हा सायकल काढून तिथे जायचा. आणि पाजून झालं की दुसऱ्या दिवशी कळप नव्या, कोऱ्या कुरणात हलवायचा, जुनं कुरण बंद ठेवायचं. ही पद्धत त्याला मीच सांगितली होती. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, परजीवी हा माझा विषय. आमच्या वेळच्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं आणि ऐकायलाही ते इतकं शहाणपणाचं वाटतं, की दोघांपैकी कुणीच त्यावर जास्त डोकं चालवलं नाही.

इथे थोडं जंताबद्दल सांगते, कंटाळू नका. मेंढ्यांना मारणारा हा जंत दोऱ्यासारखा बारीक, बोटाच्या पेराएवढा. मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि मेंढी त्यांना गवताबरोबर गिळते. औषधाने शंभरातले नव्याण्णव जंत मरतात. उरतो तो एक चिवट. कळप जुन्याच कुरणात राहिला, तर गवतावर साध्या जंतांची लाखो पिल्लं असतातच. ती मेंढीच्या पोटात जाऊन त्या चिवटाशी जमतात, त्याचा चिवटपणा पातळ होतो. पण दुसऱ्याच दिवशी कोऱ्या कुरणात हलवलं, तर त्या कुरणावर फक्त चिवटांचीच पिल्लं पडणार. म्हणजे आम्ही बहीण-भाऊ एकतीस वर्षं काय करत होतो? निवडून निवडून चिवट जंतांची पैदास. आणि तीही थेंब न सांडता.

हे मला निवृत्त झाल्यावर वाचनात आलं. तोवर तोही निवृत्त झाला होता. त्याने आणि त्याच्या लेकीने मिळून चौतीस मेंढ्या घेतल्या होत्या. लेकीने ऑफिसची नोकरी सोडून यात उडी घेतलेली. नवरा परगावी, मूल शाळेत, आणि भविष्य म्हणाल तर त्या चौतीस मेंढ्या. त्यांना जुनी औषधं लागू पडेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक नवं औषध काढून दिलं आणि म्हणाल्या, "हे जपून वापरा. यानंतर माझ्या कपाटात काही नाही." जपून म्हणजे कसं, तेही त्यांनी सांगितलं. कळपातल्या एक तृतीयांश मेंढ्यांना, ज्या धडधाकट दिसतात त्यांना, अजिबात पाजायचं नाही.

लेकीने अकरा मेंढ्या निवडून त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला. मी त्या दिवशी तिथेच होते.

"जंत असलेली मेंढी मुद्दाम तशीच सोडायची?" एकघोटाने विचारलं.

"हो बाबा. त्यांच्या पोटातले जंत अजून साधे आहेत. उतरू देत गवतावर. चिवटांशी जमू देत."

"जंतांची लग्नं लावायची म्हणतेस."

"तसं समजा."

"आणि वऱ्हाड जेवणार माझ्या मेंढीच्या रक्तावर."

"बाबा, जेवू दे थोडं. मेंढी आणि जंत हजारो वर्षं एकमेकांना ओळखतात. मेंढी मेली तर जंताचंही घर जातं. धडधाकट मेंढी थोडे जंत सहज पोसते."

"तुला कुणी सांगितलं?"

"आत्याने."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अकरा मेंढ्यांचं रक्त प्यायले होते.

अंडी मोजायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक माझ्या जेवणाच्या टेबलावर असतो. लेंड्या वजन करून कुस्करायच्या, दाट मिठाच्या पाण्यात ढवळायच्या, गाळायच्या. अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन मोजायची. गाळणी वेगळी ठेवली आहे, चहाला येणाऱ्यांनी काळजी करू नये.

पहिल्या हंगामात औषध पाजून बारा दिवस झाल्यावर लेक दोन्ही प्रकारच्या मेंढ्यांच्या लेंड्यांच्या पुड्या घेऊन आली. पाजलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांत एकही अंडं नव्हतं. औषध उत्तम. लाल पट्ट्यांच्या लेंड्यांतही एकही नव्हतं.

"आत्या, बघितलंस? कसल्या निरोगी आहेत या अकरा!" ती अगदी फुलून गेली.

चरणारी मेंढी, औषध न पाजलेली, आणि पोटात एकही जंत नाही? एखादी असेल. अकराच्या अकरा? शक्यच नाही. लेक गेल्यावर मी एकघोटाला फोन लावला.

"लाल पट्टेवाल्यांना पाजलंस ना?"

"छे."

"मी प्राणिशास्त्राची बाई आहे, शेजारीण नव्हे. पाजलंस की नाही?"

मग म्हणाला, "ती चारा आणायला गेली होती. पिचकारी भरलेलीच होती, ताई. मेंढी समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती."

"मेंढी सगळ्यांकडेच बघते."

"तुला नाही कळायचं. कधी एक सोडली नाही गं मी. हाताला सवयच नाही."

मी त्याला चांगलंच झापलं. एवढं समजावून सांगितलं, की या अकरा म्हणजे औषधाचं आयुष्य आहे, त्या गेल्या की औषध गेलं. त्याने कबूल केलं. पुन्हा पाजणार नाही म्हणाला. "फक्त पोरीला सांगू नकोस. तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल." तोंडाळ म्हणून मी नातेवाइकांत बदनाम आहे, पण नेमकं तिथे गप्प बसले.

दुसऱ्या हंगामात लेकीची धावपळ चालली होती. दर वेळी चौतीस पुड्या बांधायच्या, चौतीस चिठ्ठ्या लिहायच्या. मी म्हटलं, "लाल पट्ट्यांच्याच आण. पाजलेल्यांचं काय बघायचं?" मला फक्त एवढंच तपासायचं होतं, की हा शब्द पाळतोय की नाही. घाई माझी. एक हंगामभर दुसऱ्या मेंढ्यांची एकही लेंडी मी काचेखाली घातली नाही. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

लाल पट्ट्यांच्या अकराही पुड्यांत अंडी निघाली. भरपूर. मला इतका आनंद झाला, की तिथूनच फोन केला.

"शाब्बास!" मी म्हटलं. "अकराही मेंढ्यांत अंडी आहेत."

पलीकडून एकच, "हं."

लाजला असेल, असं मी समजले.

तिसऱ्या हंगामात एके सकाळी लेकीने मेंढ्यांच्या खालच्या पापण्या उलटून बघितल्या. जंत रक्त पितात, त्यामुळे जंत किती हे तिथे दिसतं. पापणी आतून लालबुंद असायला हवी. तिने बघितलेल्या पापण्या कागदासारख्या होत्या. दोन मेंढ्यांच्या जबड्याखाली सुजून पाण्याची पिशवी लोंबत होती. तिने स्वतः उभी राहून पट्टा नसलेल्या तेवीस मेंढ्यांना पाजून घेतलं. आणि बारा दिवसांनी चौतीसच्या चौतीस पुड्या माझ्या टेबलावर आल्या.

पाजलेल्यांत आणि न पाजलेल्यांत काडीचा फरक नव्हता. एक काच मी तीनदा मोजली. मग सगळं तसंच टाकून बस पकडली.

एकघोट शेडच्या मागे नळावर पिचकारी धूत होता. गरम पाणी, साबण, मग साधं पाणी, मग पुन्हा गरम. मी बसायच्याही आधी विचारलं, "पहिल्या वर्षी मला शब्द दिला होतास. तरी गेल्या वर्षी लाल पट्टेवाल्यांना पाजलं होतंस?"

"पाजलं होतं."

"एकदाच?"

"दर वेळी." त्याने पिचकारी झटकली. "ताई, तू फोनवर शाब्बास म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं. मी तर सगळ्यांना पाजलेलं. तरी अंडी आली म्हणजे औषध संपलं."

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. शाब्बास मी म्हटलं होतं. औषध कुचकामी झाल्याची बातमी त्याला मीच दिली होती आणि मला ती कळली नव्हती.

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आणि बोलून काय येणार होतं परत?"

"आणि तरीही पाजत राहिलास?"

"मग काय करू? नुसता बघत बसू?"

लेक दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. हातात चाऱ्याची पाटी.

"आत्या, तुला पहिल्या वर्षीच माहीत होतं?"

"होतं."

"बाबा, तुम्हाला गेल्या वर्षी."

त्याने पिचकारी पुन्हा नळाखाली धरली.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे कळपात अडाणी मी एकटीच. आणि मेंढ्या." पाटी तिने जमिनीवर ठेवली, आपटलीसुद्धा नाही. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. कपाटात खरोखरच काही नव्हतं. म्हणाल्या, कोरडा चारा द्या, खाली वाकून चरायला लागेल असं बुटकं गवत टाळा, आणि बघा कोण तगतंय. काही मेंढ्या अंगच्याच दणकट असतात. जंत पोसूनही त्यांची पापणी लाल राहते. त्यांचीच कोकरं वाढवायची, पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे कळपच तसा होत जातो. लेकीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "किती वर्षं लागतील?" डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला नाही. मलाही सांगता आला नसता. मेंढीची एक पिढी व्हायला दोन वर्षं. जंताची पिढी तीन आठवड्यांत होते.

महिन्याभरात नऊ मेंढ्या गेल्या. मी दर आठवड्याला जात होते, अंडी मोजत होते, लेकीला आकडे देत होते. त्या आकड्यांचा उपयोग काय होता देव जाणे. एक म्हातारी काळ्या तोंडाची मेंढी मात्र ठणठणीत होती. तिच्या लेंडीत मेलेल्या मेंढ्यांइतकीच अंडी, आणि पापणी डाळिंबासारखी. का, ते मी सांगू शकत नाही. चाळीस वर्षं शिकवूनही नाही.

"अशा चार आहेत," लेक म्हणाली.

"आणि बाकीच्या?" एकघोटाने विचारलं.

लेक वहीत काहीतरी लिहीत राहिली. तिचं त्याच्याशी बोलणं कामापुरतं उरलं होतं. "चारा टाका", "पाणी बदला", "त्या मेंढीला उठवा". पाजा, असं कुणीच म्हणत नव्हतं. त्यामुळे तो शेडमध्ये नुसता फिरायचा, झाडलेलं पुन्हा झाडायचा, पापण्या उलटायचा आणि सोडून द्यायचा.

अशाच एका फेरीत मी परत निघायच्या आधी, दुपारी, एक तरणी मेंढी बसली होती. पहिल्या वेताची, कोकरू बाजूला दूध शोधत होतं. एकघोटाने तिच्या पोटाखाली हात घालून तिला उभं केलं. पाय थरथरत होते, पण उभी राहिली. कोकरू लगेच आचळाला लागलं.

"जेवायला चला, बाबा," लेकीने आतून हाक मारली. बऱ्याच दिवसांनी तिने आपण होऊन हाक मारली असावी.

"आलो."

तो हलला नाही. थोड्या वेळाने लेक बाहेर आली.

"बाबा, अन्न गार होतंय."

"सोडली की बसते गं ही. आणि बसली की कोकराला दूध मिळत नाही."

"किती वेळ धरणार?"

लेक उभी राहिली, मग आत जाऊन ताट घेऊन आली आणि त्याच्या शेजारी चाऱ्याच्या गठ्ठ्यावर ठेवलं. त्याचे दोन्ही हात मेंढीच्या पोटाखाली होते. माझ्या बसची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली, "येते" म्हटलं. त्याने मान हलवली. कोकरू शेपटी हलवत पीत होतं, मेंढीचे मागचे पाय हळूहळू वाकत होते आणि तो आणखी खाली वाकून तिचं वजन आपल्या हातांवर घेत होता.